काळ्या काचेची पारख

आमच्या गावच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानांची रांग संपली की खेळण्यांची रांग सुरू होते. लहानपणी तिथे पिपाणी, फुगा आणि न चालणारे घड्याळ यांच्या जोडीला एक वस्तू हमखास घेतली जायची, ती म्हणजे गॉगल. पुठ्ठ्याची नाहीतर प्लास्टिकची चौकट आणि तिच्यात लाल किंवा हिरवा जिलेटिनचा कागद. तो लावला की देऊळ हिरवे, पालखी हिरवी, आईसुद्धा हिरवी! घरी पोचेपर्यंत त्याची एक काडी मोडलेली असायची. त्या गॉगलची पारख करायची एकच पद्धत आम्हाला ठाऊक होती, घातल्यावर आपण कसे दिसतो!

आता वय चाळिशीच्या पुढे गेले, तरी दुकानात गेल्यावर आपण नेमके तेच करतो. गॉगल चढवतो, आरशात बघतो, मान डावी-उजवी करतो आणि पैसे मोजतो. गॉगलमधून जग कसे दिसते हे फारसे कोणी बघत नाही, आणि त्यातून जे दिसत नाही ते डोळ्यात शिरते की नाही, हा प्रश्न तर मनातही येत नाही.

माझ्याही मनात तो आला नसता. पण माझा थोरला भाऊ मोटरसायकल पायलट आहे. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे भाडे घेऊन मागच्या सीटवरून माणसे पोचवणाऱ्या मोटरसायकलवाल्याला पायलट म्हणतात.) पंचवीसेक वर्षे उन्हात, वाऱ्यात आणि खाणीच्या धुळीत गेली. गेल्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून एक गुलाबी पडदा बुबुळाच्या दिशेने सरकताना दिसू लागला. डॉक्टरांनी त्याला ‘टेरिजियम’ असे नाव सांगितले. आजच शस्त्रक्रियेची गरज नाही, मात्र पडदा बाहुलीपर्यंत पोचला तर नजर जाईल, तेव्हा ऊन, वारा आणि धूळ यांपासून डोळा जपा आणि चांगला गॉगल वापरा, असे ते म्हणाले.

आता ‘चांगला’ म्हणजे कुठला? भाऊ म्हणाला, “तू सरकारी माणूस, कागद वाचण्यात जन्म गेला तुझा. तूच शोध.” मी कारकून, शिकलो इतिहास. त्यामुळे दुकानाच्या आधी इतिहासात शिरलो, आणि ते बरेच झाले. काळ्या काचेविषयीचे आपले बहुतेक गैरसमज फार जुने आहेत.

आधी दुखण्याचा इतिहास. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या विकाराला ‘अर्म’ म्हटले आहे. त्याचे पाच प्रकार तिथे सांगितले आहेत आणि आकड्याने उचलून, शस्त्राने कापून तो काढण्याची कृतीही दिली आहे. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाला हा रोग नवा नाही.

उन्हापासून डोळे राखण्याची सर्वांत शहाणी जुनी युक्ती मात्र उष्ण प्रदेशातली नाही, बर्फातली आहे. उत्तर ध्रुवाजवळचे इनुइट लोक हाड, लाकूड किंवा वॉलरसचा सुळा कोरून डोळ्यांवर बसणारी पट्टी करत आणि तिला फक्त एक अरुंद आडवी फट ठेवत. ताजे बर्फ अंगावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकते. त्याने डोळे भाजतात आणि माणूस काही काळ आंधळा होतो. या लोकांना अतिनील किरण ठाऊक नव्हते, काचही ठाऊक नव्हती. पण ती पट्टी चेहऱ्याला घट्ट बसायची, बाजूने उजेड येऊ द्यायची नाही आणि समोरचाही मोजकाच आत घ्यायची. ही ‘बाजूने’ची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

काचेच्या बाजूने पाहिले तर इतिहास गमतीचा आहे. रोमन सम्राट नीरो पाचूतून योद्ध्यांच्या लढती बघत असे, असे थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे. तो त्यातून आरपार बघे की त्यात प्रतिबिंब बघे, यावर विद्वान अजून भांडतात. चीनमध्ये धुरकट स्फटिकाच्या चकत्या वापरत आणि न्यायाधीश मनातले चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्या डोळ्यांवर लावत, असेही सांगतात. म्हणजे काळ्या चष्म्याचा पहिला उपयोग ऊन अडवण्याचा होता की डोळे लपवण्याचा, हाच प्रश्न आहे!

आपल्याकडे चष्मा कधी आला याचा मागोवा परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला होता. कोकणातल्या देवरुखचे हे संशोधक पुण्याच्या भांडारकर संस्थेत अभिरक्षक होते आणि जाई-जुईपासून हरभऱ्यापर्यंत कशाचाही इतिहास ते पोथ्यांतून शोधून काढत. विजयनगरचे व्यासराय स्वामी चष्मा लावून ग्रंथ वाचत असल्याचा सोळाव्या शतकातला उल्लेख त्यांनी पुढे आणला आणि त्याचा धागा पोर्तुगीजांच्या येण्याशी जोडला. विजयनगर आणि गोवा यांचा त्या काळातला व्यापार पाहता ते पटण्यासारखे आहे. ‘चष्मा’ हा शब्द मात्र फारसीतून आला, ‘चश्म’ म्हणजे डोळा. आणि ‘गॉगल’ हा शब्द ज्या इंग्रजीतून आपण घेतला, तिथे त्याचा अर्थ पोहणाऱ्याने किंवा वेल्डरने डोळ्यांवर घट्ट बसवायचे आवरण. उन्हाच्या चष्म्याला गॉगल आपणच म्हणतो. पण इनुइटांची पट्टी आठवली तर आपलाच शब्द जास्त बरोबर वाटतो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या जेम्स आयस्कॉ नावाच्या चष्मेवाल्याने निळ्या-हिरव्या काचांचा पुरस्कार केला. त्याचे म्हणणे असे की पांढऱ्या काचेतून येणारा उजेड डोळ्यांना बोचतो, रंगीत काच तो मऊ करते. उन्हाचा त्यात संबंध नव्हता. पण ‘काच रंगीत म्हणजे डोळ्यांना थंड’ ही समजूत तेव्हापासून जी बसली ती बसलीच. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी ‘कूलिंग ग्लास’ हा शब्द होता, तो याच समजुतीचा वारस.

आणि नेमकी इथेच इतिहासाला कलाटणी मिळते. १८०१ साली जर्मनीत योहान रिटर याने सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून त्यात सिल्व्हर क्लोराइड ठेवले. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ते सर्वांत लवकर काळे पडले. म्हणजे तिथे किरण होते, पण दिसत नव्हते. हेच अतिनील किरण. त्यांची लांबी ४०० नॅनोमीटरच्या आत असते. त्यातले सर्वांत आखूड किरण वातावरण अडवते, पण २८० ते ३१५ पर्यंतचे ‘बी’ काही प्रमाणात आणि ३१५ ते ४०० पर्यंतचे ‘ए’ भरपूर आपल्यापर्यंत पोचतात. मोतीबिंदू आणि टेरिजियम या दोन्हींशी त्यांचे नाते सांगितले जाते.

जी गोष्ट दिसतच नाही, ती काच अडवते की नाही हे डोळ्यांनी कसे कळणार? १८०१ नंतर काळ्या काचेची पारख नुसत्या नजरेने करणे खरे तर संपायला हवे होते. आपण अजून तेच करतो!

यातला सर्वांत मोठा धडा मला अमेरिकेच्या रॉबर्ट वुड या शास्त्रज्ञाने दिला. त्याने १९०३ साली अशी काच तयार केली की ती दिसणारा उजेड जवळजवळ सगळा अडवते आणि अतिनील मात्र आरपार सोडते. आमच्या कचेरीत रोखपालाच्या टेबलावर नोटा तपासण्याचा दिवा आहे. तो विझलेला असताना त्याची नळी काळीकुट्ट दिसते. ती याच जातीच्या काचेची. पेटवला की मंद जांभळा उजेड येतो आणि नोटेवरचे क्रमांक व कागदातले बारीक तंतू चमकू लागतात. पंधरा वर्षे मी त्या नळीसमोरून ये-जा करतो. काच कितीही काळी असली तरी तिच्यातून अतिनील खुशाल जाऊ शकते, याचा पुरावा रोज डोळ्यांसमोर होता.

याला आणखी एक बाजू आहे. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते. काच नुसतीच काळी असेल आणि अतिनील सोडत असेल, तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते अधिकच आत जाणार. शिवाय डोळे बारीक करण्याची आपली उपजत सवयही काळोखात सुटते. म्हणजे वाईट गॉगलपेक्षा गॉगल नसलेला बरा!

डोळ्यांसाठी काच शास्त्रीय पद्धतीने बनवण्याचे मोठे काम विल्यम क्रुक्स यांनी केले. भट्टीसमोर काम करणाऱ्या काच-कामगारांना मोतीबिंदू होई. त्यावर उपाय म्हणून त्यांनी काचेत निरनिराळी द्रव्ये मिसळून शेकडो प्रयोग केले आणि १९१३च्या सुमारास सीरियम घातलेली काच सिद्ध केली. आपल्याकडचे जुने चष्मेवाले ‘क्रुक्स’ काच म्हणत ती हीच. त्या काचेचा जन्म ऐटीसाठी झाला नाही, मजुरांच्या डोळ्यांसाठी झाला, हे मला पायलट भावाचा भाऊ म्हणून फार महत्त्वाचे वाटते.

पुढचा इतिहास मात्र पुन्हा ऐटीकडे वळला. १९२९ साली सॅम फॉस्टर याने अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनारी स्वस्त प्लास्टिकचे गॉगल विकायला काढले. एडविन लँडने पोलराईज्ड पत्रा शोधला होता, त्याचे गॉगल १९३६च्या सुमारास आले. पाणी, रस्ता किंवा गाडीच्या टपावरून आडवी परावर्तित होणारी झगझग ते कापतात. १९३७ साली बॉश अँड लाँब कंपनीने वैमानिकांसाठी केलेला गॉगल ‘रे-बॅन’ नावाने बाजारात आणला. मग युद्ध, सेनापतींचे फोटो, सिनेमातले नट असे करत तो आपल्या नाक्यापर्यंत पोचला. इकडे ऑस्ट्रेलियाने १९७१ साली गॉगलसाठी राष्ट्रीय मानक केले. कडक ऊन आणि गोरी कातडी, त्यांना निकडच होती. आंतरराष्ट्रीय मानक २०१३ साली आले, आयएसओ १२३१२-१.

हे मानक वाचताना एक गोष्ट कळली, ती ग्राहकाने पाठच करावी. गॉगलच्या काळेपणाचे ० ते ४ असे पाच वर्ग आहेत. शून्य म्हणजे जवळजवळ पारदर्शक. वर्ग २ दिसणाऱ्या उजेडापैकी १८ ते ४३ टक्के आत सोडतो, वर्ग ३ हा ८ ते १८ टक्के आणि वर्ग ४ फक्त ३ ते ८ टक्के. आपल्या उन्हाला वर्ग ३ योग्य. वर्ग ४ बर्फाच्या डोंगरांसाठी आहे, तो लावून वाहन चालवणे मना आहे. चांगल्या गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला हा आकडा बहुधा असतो. अतिनीलचा हिशेब वेगळा, त्यासाठी ‘यूव्ही ४००’ असे लिहितात, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवतो. काळेपणा आणि अतिनील ही दोन वेगळी खाती आहेत. एकाची जमा दुसऱ्यात दाखवता येत नाही!

पण लिहिलेले खरे कशावरून? सरकारी नोकरीत शिक्का आणि वस्तुस्थिती यांतले अंतर रोज बघतो. म्हणून एका दुपारी रोखपालांची परवानगी घेऊन तीन चष्मे त्या दिव्याखाली नेले. एक भावाचा, रस्त्यावरून दीडशे रुपयांना घेतलेला. दुसरा आजोबांचा, पोर्तुगीज अमदानीत पणजीत घेतलेला, फिकट निळ्या काचेचा. तिसरा मी भावासाठी एका चकचकीत दुकानातून आणलेला, सतराशे रुपयांचा, त्यावर ‘यूव्ही ४००’ आणि ‘पोलराईज्ड’ असे दोन स्टिकर.

रीत अशी. गॉगल दिवा आणि नोट यांच्या मध्ये धरायचा, नोट आणि आपला डोळा यांच्या मध्ये नव्हे. नाहीतर काळ्या काचेमुळे चमक आपल्यालाच कमी दिसते आणि निकाल चुकतो. नोटेकडे बाजूने, उघड्या डोळ्यांनी बघायचे. दिव्याकडे बघायचे नाही. गॉगलच्या सावलीत क्रमांकाची चमक विझली तर काच तो किरण अडवते. चमक राहिली तर सोडते.

आजोबांच्या काचेखाली क्रमांक जवळजवळ तसाच चमकत राहिला. नव्या गॉगलखाली विझला. आणि भावाच्या दीडशेच्या गॉगलखालीही विझला! मी दोनदा करून पाहिले. नंतर वाचले तेव्हा उलगडा झाला. अनेक स्वस्त गॉगल पॉलिकार्बोनेटचे असतात आणि हे प्लास्टिक मुळातच बहुतेक अतिनील अडवते. उलट साधी खनिज काच ‘ए’ प्रकारचे किरण बरेचसे सोडते. म्हणजे ‘काचेचा तो अस्सल, प्लास्टिकचा तो नकली’ हा आमच्या घरातला सिद्धान्त गेला. महाग ते सुरक्षित हाही गेला.

मग दुसरी परीक्षा. गॉगल हातभर लांब धरायचा, एका भिंगातून दाराच्या चौकटीची उभी कड किंवा फरशीची रेघ बघायची आणि गॉगल सावकाश वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायचा. नंबर नसलेल्या चांगल्या भिंगातून रेघ सरळ राहते. आजोबांच्या काचेतून ती सुतासारखी सरळ राहिली, सत्तर वर्षांनंतरही. भावाच्या गॉगलमधून चौकट अशी लचकली, की जत्रेतल्या हसऱ्या आरशाची आठवण झाली. हा माणूस दिवसभर त्यातून खड्डे आणि बसगाड्या यांची अंतरे मोजत होता, आणि संध्याकाळी डोके दुखते म्हणून गोळी घेत होता. मी हे सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “दीडशेंक आनी कितें मेळटलें?”

तिसरी परीक्षा पोलराईज्डची. कॉम्प्युटरच्या सपाट पडद्यासमोर गॉगल धरून त्यातून बघत तो हळूहळू चाकासारखा फिरवायचा. खरा पोलराईज्ड असेल तर एका कोनात पडदा काळा पडतो किंवा बराच मंद होतो. सतराशेचा गॉगल मी गोल गोल फिरवला. आमच्या आस्थापना शाखेचे पत्र आधी जेवढे स्पष्ट होते तेवढेच स्पष्ट राहिले! दुकानात परत गेलो. विक्रेत्याने आधी वाद घातला. त्याच्याच बिलाच्या कॉम्प्युटरसमोर फिरवून दाखवल्यावर ‘कंपनीकडूनच तसे आले’ म्हणाला आणि बदलून दिला.

तीन चष्मे, आणि तिघांतही वेगवेगळी खोट. एकाची नजर सरळ पण किरण आत, दुसऱ्याला किरणांची अडवणूक पण नजर वाकडी, तिसरा दोन्हीत पास पण बोलण्यात खोटा. माणसांचेही असेच असते म्हणा.

आता राहिली ती ‘बाजूने’ची गोष्ट. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी १९९३ साली एक विचार मांडला. टेरिजियम बहुधा नाकाकडूनच का वाढतो? तर कानशिलाच्या बाजूने तिरपा येणारा उजेड बुबुळावरच्या पारदर्शक घुमटातून वळतो आणि नेमका नाकाकडच्या कडेवर, कित्येक पटींनी एकवटून पडतो. म्हणजे समोरची काच कितीही उत्तम असली आणि बाजू उघडी असली तर चोर खिडकीतून शिरतोच. त्यासाठी गालाला आणि कानशिलाला लगटून बसणारा, वळलेला गॉगल हवा. हाडाला फट कोरणाऱ्या इनुइट माणसाला हे बरेच आधी साधले होते.

मी भावासाठी शेवटी घेतला तो गॉगल असा: कडेने वळलेला, पॉलिकार्बोनेटचा, वर्ग ३, राखाडी. राखाडीत रंग जसेच्या तसे दिसतात, तपकिरीत उठाव जास्त येतो, पण सिग्नलच्या रंगात घोळ नको म्हणून राखाडी. पोलराईज्ड मुद्दाम घेतला नाही. रस्त्यावर सांडलेल्या तेलाची किंवा पाण्याची चकाकी दुचाकीवाल्याला धोक्याची सूचना देते, ती पुसली जाऊ नये असे वाटले. चारचाकीवाल्याने आणि होडीवरच्या माणसाने जरूर घ्यावा. बिल अकराशे. दिव्याखाली पास, चौकटीसमोर पास. तुमच्या ओळखीत असा दिवा नसेल तर चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत अतिनील मोजण्याचे छोटे यंत्र असते, पैसे देण्याआधी मोजून मागा. दिव्याची चाचणी फक्त ढोबळ आहे, यंत्राची जास्त बरी.

दोन सूचना. रात्री कुठलाही रंगीत गॉगल लावून गाडी चालवू नये, पिवळासुद्धा. आणि सूर्यग्रहण गॉगलमधून कधीही बघू नये. २६ डिसेंबर २०१९च्या ग्रहणात आमच्या कचेरीच्या पायऱ्यांवर दोघेजण गॉगल लावून वर बघायला निघाले होते. वर्ग ४ चा गॉगलही उजेडाचे ३ टक्के आत सोडतो, आणि सूर्याकडे थेट बघायला तेवढे कितीतरी जास्त झाले. ग्रहणाच्या चष्म्याचे मानकच वेगळे आहे, आयएसओ १२३१२-२.

भावाचा पडदा गॉगलने मागे सरणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आहे तिथे थांबला तरी पुष्कळ. दर सहा महिन्यांनी ते मोजतात. गेल्या खेपेला माप तेवढेच भरले. डोकेदुखीची गोळी मात्र बंद झाली.

आजोबांचा निळा चष्मा मी पुन्हा डबीत ठेवला. तो लावून ते देवळाच्या सज्जावर बसत, आणि त्यांच्याही डोळ्यांत शेवटी मोतीबिंदू उतरला होता. चष्म्याने झाला असे मी म्हणत नाही, म्हातारपणी तो होतोच. पण त्या थंड निळ्या काचेवर त्यांचा फार विश्वास होता, एवढे खरे. परवा जत्रेत भावाच्या नातवाने हिरव्या जिलेटिनचा गॉगल मागितला. भावाने तो हातात घेतला, लांब धरला, दीपस्तंभाकडे रोखला आणि सावकाश वर-खाली केला. दुकानदार बघतच राहिला.

“खेळण्यापुरता चालेल,” भाऊ म्हणाला, “उन्हात नाही.”